व्हिकिंगुर ओलाफसन यांचा ‘फिलिप ग्लास : पियानो वर्क्स’ : उत्तम वादन, अर्धा संच

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांच्या वीस पियानो एट्यूडपैकी (एट्यूड म्हणजे वादनतंत्राच्या सरावासाठी लिहिलेली रचना) दहा निवडून आइसलँडचे पियानोवादक व्हिकिंगुर ओलाफसन यांनी डॉइचे ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेला हा अल्बम जानेवारी २०१७ मध्ये, ग्लास यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास प्रसिद्ध झाला. या कंपनीसाठी ओलाफसन यांनी केलेला हा पहिलाच अल्बम होता. त्यानंतर त्यांचे बाख, मोझार्ट आणि गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे अल्बम आले, गाजले, आणि त्या यशामागे हा पहिला अल्बम काहीसा झाकला गेला. तो पुन्हा ऐकताना माझे मत असे झाले आहे की, ज्या संगीतावर ‘तेच ते पुन्हा पुन्हा’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो, त्यात वादकाच्या हाताने किती फरक पडतो हे दाखवणारे इतके स्पष्ट ध्वनिमुद्रण दुसरे क्वचितच असेल. मात्र एट्यूडचा संच म्हणून हा अल्बम घेणाऱ्याची निराशा होईल, आणि त्यात घातलेल्या दोन तुकड्यांची गरज मला आजही पटलेली नाही.

आधी या रचनांविषयी थोडे सांगायला हवे. ग्लास यांनी एट्यूड लिहायला सुरुवात केली ती नव्वदच्या दशकाच्या आरंभी, आणि विसावी पूर्ण होईपर्यंत २०१२ साल उजाडले. पहिल्या सहा एट्यूड संगीत-संचालक आणि पियानोवादक डेनिस रसेल डेव्हिस यांच्या पन्नाशीनिमित्त लिहिलेल्या होत्या. पहिल्या दहांच्या संचामागे ग्लास यांचे दोन हेतू होते : लय, पोत आणि वादनतंत्र यांच्या निरनिराळ्या शक्यता तपासणे, आणि स्वतःचे पियानोवादन सुधारणे. साठीकडे झुकलेल्या, जगभर नाव झालेल्या संगीतकाराने आपल्याच बोटांसाठी स्वाध्याय लिहावेत, ही गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या दहांमध्ये हा स्वाध्यायाचा भाग मागे पडतो आणि स्वरसंगतीचा विचार मोकळा होत जातो. सर्व वीस एट्यूड एकत्र प्रथम सादर झाल्या त्या २०१३ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, आणि त्या वेळी स्वतः ग्लास, जपानी पियानोवादक माकी नामेकावा आणि ऑस्ट्रेलियाच्या सॅली व्हिटवेल अशा तिघांनी त्या वाटून घेतल्या होत्या.

या संगीताचा एक धागा आपल्याकडेही येतो. साठच्या दशकाच्या मध्यात ग्लास पॅरिसमध्ये प्रख्यात संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत होते. त्या वेळी एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य वादकांना वाजवता यावे म्हणून ते पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्यांना मिळाले. ग्लास आपल्या सवयीप्रमाणे मापांच्या उभ्या रेषा आखत, वादक त्या रेषांनंतरच्या स्वरावर नको तिथे जोर देत, आणि उस्ताद अल्लारखाँ सर्व स्वर सारखेच आहेत असे पुन्हा पुन्हा सांगून हरकत घेत. शेवटी ग्लास यांनी त्या रेषाच पुसून टाकल्या, आणि दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे लहान गट एकमेकांना जोडून मोठे आवर्तन कसे उभे राहते ते त्यांना समोर दिसले. हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. पुढे १९९० मध्ये रविशंकर आणि ग्लास यांचा एकत्र अल्बमही आला.

एट्यूडमध्ये ही बेरजेची पद्धत ग्लास यांच्या साठच्या दशकातील रचनांइतकी उघडी दिसत नाही, आणि समेसारखे येऊन टेकण्याचे ठिकाणही त्यांत नाही. तरीही तबल्यातला कायदा आणि त्याचे पलटे कान देऊन ऐकणाऱ्या श्रोत्याला हे संगीत अनोळखी वाटू नये. मोजकेच बोल घेऊन त्यांची जागा बदलत जाणे, आणि बदल कळण्यासाठी आधी मूळ आकृती श्रोत्याच्या मनात पक्की बसवणे, हा व्यवहार दोन्हीकडे आहे. बदलाची वाट पाहण्याची सवय नसेल, तर मात्र पहिल्या दोन मिनिटांतच कंटाळा येईल.

या अल्बमबद्दल लिहिताना ओलाफसन यांनी या रचनांचा मार्ग वर्तुळाऐवजी सर्पिल असल्याचे म्हटले आहे, आणि त्यांच्या वादनात ही भूमिका खरोखर ऐकू येते. ग्लास यांच्या स्वरलिपीत भावदर्शक सूचना मोजक्याच असतात, त्यामुळे एखादे वाक्य दुसऱ्यांदा येताना काय करायचे हे बहुतांशी वादकावर सोडलेले असते. क्रमांक २ मध्ये ओलाफसन यांनी हे स्वातंत्र्य सर्वांत चांगले वापरले आहे. आरंभीची आकृती ते इतक्या हळुवारपणे ठेवतात की ती अजून ठरलेलीच नाही असे वाटावे, नंतर तीच आकृती परतताना डाव्या हाताचे खालचे स्वर किंचित पुढे आणतात, आणि शेवटी सगळे पुन्हा मावळत जाते तेव्हा आपण आरंभाच्या जागी आलेलो नसतो. स्वर जवळपास तेच आहेत, परंतु त्यांचे वजन बदलले आहे.

क्रमांक ६ ही या संचातील बहुधा सर्वांत लोकप्रिय एट्यूड असावी. एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा वाजवण्याचे तिचे तंत्र अवघड आहे, आणि अनेक वादक तिथे पेडलच्या (स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीच्या) आडोशाला जातात. ओलाफसन तसे करत नाहीत : प्रत्येक आघात सुटा, कोरडा आणि तरीही गाता राहतो, आणि मधल्या भागात आवाज चढतो तेव्हाही खालच्या सप्तकात गढूळपणा येत नाही. बाख वाजवणाऱ्याचे हात इथे ओळखू येतात. क्रमांक १३ मध्ये हाच गुण मला थोडा अंगावर आला. वेग चकित करणारा आहे, पण त्या वेगात रचनेतला मिश्कीलपणा हरवतो. याउलट क्रमांक ५ जवळजवळ काहीच न घडता पुढे सरकते आणि तिथे ओलाफसन यांचा संयम वाखाणण्यासारखा आहे, कारण इतक्या विरळ रचनेत वादकाला काहीतरी ‘करून दाखवण्याचा’ मोह होतो.

क्रमांक २० साठी वेगळा परिच्छेद देणे भाग आहे. पहिल्या एकोणीस एट्यूडमध्ये ग्लास यांची ओळखीची चक्रे कुठे ना कुठे फिरत असतात. विसावीत ती जवळजवळ थांबतात, आणि उरते ते एक संथ, लांबलचक, वळणे घेणारे गाणे. त्यात शूबर्टची आठवण अनेकांना होते, आणि मलाही झाली. ओलाफसन ती भावविवश होऊ देत नाहीत. स्वरवाक्यांमधल्या शांततेला ते पूर्ण वेळ देतात, आणि रेक्याविकच्या हार्पा सभागृहातील ध्वनिमुद्रण त्या शांततेतही पियानोची घुमारी विझताना नीट ऐकवते. डॉइचे ग्रामोफोनच्या तंत्रज्ञांना याचे श्रेय द्यायला हवे : पियानो जवळून ऐकू येतो, पण हातोड्यांची खटखट कानावर आदळत नाही. चांगले हेडफोन असतील तर या एट्यूडसाठी तेच वापरावेत, कारण मोबाइलच्या स्पीकरवर डाव्या हाताचा अर्धा भाग नाहीसा होतो.

अल्बमची सुरुवात आणि शेवट ‘ओपनिंग’ या तुकड्याने होतो, जो मुळात १९८२ च्या ‘ग्लासवर्क्स’ या अल्बममधला आहे. डाव्या-उजव्या हातांत दोनास तीन अशी लय अखंड चालवणारा हा तुकडा ओलाफसन यांनी आरंभी सुंदर वाजवला आहे. अखेरीस मात्र तोच तुकडा क्रिस्टियान बाडझुरा यांनी तंतुवाद्यांसह नव्याने बांधलेल्या रूपात येतो, आणि मध्यावर क्रमांक २ चेही असेच एक रूप आहे, ज्यात सिग्गी या चार तंतुवादकांच्या चतुष्टकाची साथ आहे. दोन्ही ठिकाणी तंतुवाद्यांचा मुलायम पडदा पियानोमागे पसरतो आणि जे काम ओलाफसन यांनी बोटांच्या वजनाने केले होते ते गोडव्याच्या थराखाली दडपले जाते. विसाव्या एट्यूडनंतर तर काहीही नको होते. स्ट्रीमिंग सेवांवर ‘अभ्यासासाठी शांत पियानो’ अशा नावाच्या याद्यांत ग्लास यांना इटालियन पियानोवादक-संगीतकार आइनाउदी आणि तत्सम मंडळींच्या शेजारी बसवलेले दिसते, आणि हे दोन तुकडे त्या याद्यांना सोयीचे आहेत अशी शंका मला येते. आइनाउदींशी माझे भांडण नाही, पण त्यांचे संगीत मागे वाजत राहिले तरी फारसे बिघडत नाही. क्रमांक ६ मागे वाजत ठेवून ज्याला पुस्तक वाचता येते, त्याने ती ऐकलेलीच नाही.

मोठी उणीव निवडीची आहे. क्रमांक १, जिच्या आरंभीच्या ठाम स्वरसमूहांनी सगळ्या संचाचा दरवाजा उघडतो, ती इथे नाही. क्रमांक १० नाही, जिच्यातला न थांबणारा रेटा हा पहिल्या संचाचा खरा कळस आहे. शिवाय निवडलेल्या दहा एट्यूड क्रमाने येत नाहीत. श्रवणाच्या दृष्टीने ओलाफसन यांनी लावलेला क्रम उत्तम आहे, परंतु वीस वर्षांत एका संगीतकाराचा हात कसा बदलत गेला, हे त्यातून कळत नाही.

ते कळायचे असेल तर माकी नामेकावा यांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण घ्यावे. ते २०१४ मध्ये ऑरेंज माउंटन म्युझिक या कंपनीने दोन सीडींमध्ये प्रसिद्ध केले. ग्लास यांच्याबरोबर रंगमंचावर या एट्यूड वाजवण्याचा दीर्घ अनुभव नामेकावा यांच्याजवळ आहे, आणि पुढे ग्लास यांनी आपली पियानो सोनाटा त्यांच्यासाठीच लिहिली. त्यांचे वादन अधिक सरळ, अधिक स्नायूदार आहे. ओलाफसन जिथे सावल्या शोधतात तिथे त्या लय घट्ट धरून चालतात, आणि क्रमांक १० सारख्या रचनेला हेच मानवते. विसावीत मात्र मी ओलाफसन यांच्याकडे परत जाईन. ज्यांना एकदाच पैसे घालायचे आहेत त्यांनी नामेकावा यांचा संच घ्यावा आणि ओलाफसन स्ट्रीमिंगवर ऐकावेत. दोन अल्बम घेणे शक्य असेल, तर ओलाफसन आधी ऐकावेत, म्हणजे नामेकावांच्या दोन तासांच्या प्रवासात कुठे थांबून कान द्यायचा हे आपोआप कळेल.

तिसरे ध्वनिमुद्रण स्वतः ग्लास यांचे आहे. २००३ मध्ये त्यांनी पहिल्या दहा एट्यूड वाजवून प्रसिद्ध केल्या. तंत्राच्या सफाईत ते वरील दोघांच्या जवळपासही येत नाहीत. बोटे अडखळतात आणि लय मधूनच सैल होते. तरी पियानो शिकणाऱ्यांना मी हेच ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐकायला सांगेन. परीक्षांच्या तयारीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ग्लास यांची स्वरलिपी पाहून मेट्रोनोमप्रमाणे काटेकोर वाजवावे असेच वाटते, आणि संगीतकार स्वतः मात्र ओळीच्या शेवटी रेंगाळतो, एखादा स्वरसमूह उशिरा ठेवतो, परतणाऱ्या वाक्याला वेगळा श्वास देतो. क्रमांक २ आणि क्रमांक ५ काही वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतात. क्रमांक ६ ला हात घालण्याआधी मनगट सैल ठेवून एकच स्वर बोटे बदलत वाजवण्याचा सराव काही महिने करावा, आणि तोही संथ लयीत.