स्वस्त इलेक्ट्रिक गिटार जळगावच्या उन्हाळ्यात: वापरानंतरचा अनुभव

पंधरा हजारांच्या आतली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबक-कॉइल, इथे एकेका कॉइलचं) गिटार मी गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवली. आता तिने जळगावचा अख्खा उन्हाळा काढलाय, म्हणून लिहायला बसलो. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच किमतीच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मित्रांच्या गिटारी पाहिल्या आणि दोष जवळपास तेच निघाले. गिटार चांगली आहे. बॉडी, पिकअप, ट्यूनिंगच्या खुंट्या, कशाबद्दल तक्रार नाही. कमी पडलंय ते हाताचं काम. लाकूड कापणं, खाचा पाडणं मशीन करतं. फ्रेटची (नेक म्हणजे गिटारच्या दांडीवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं घासायला, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा खाचांत बसतात ती पट्टी) जुळवायला, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बसवायला मात्र माणसाचा वेळ लागतो, आणि पैसा तिथेच वाचवलेला असतो.

आधी फ्रेटच्या टोकांबद्दल. गिटार आली तेव्हा ती ठीक होती. मार्च संपता संपता नेकच्या कडेवरून हात सरकवला की करवतीच्या दात्यांसारखी बोचायला लागली. फ्रेट वाढत नाही, लाकूड आकसतं. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड (फ्रेट ज्यात बसवतात ती लाकडी पट्टी) रुंदीला कमी होतो, धातू आहे तेवढाच राहतो आणि टोक बाहेर डोकावतं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवेत ओल नावाला नसते, त्यामुळे हा दोष इथे जास्त दिसतो. त्यात कूलर. रात्री खोली दमट, दुपारी पुन्हा कोरडी. गिटार कूलरच्या झोतात अजिबात ठेवू नका, कव्हरमध्ये घालून आतल्या भिंतीला उभी करा.

उपाय घरी होतो. फ्रेटबोर्डच्या लाकडाला मास्किंग टेप लावायची, बारीक सपाट कानस नेकच्या लांबीने फिरवून टोक लाकडाच्या बरोबरीला आणायचं, मग ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाई द्यायची. हे काम एप्रिल-मेमध्येच करा. लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असताना घासलं, की पुढच्या उन्हाळ्यात टोकं पुन्हा बाहेर येण्याची शक्यता फार कमी.

माझ्या गिटारचा फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा आहे, म्हणजे आपल्या सातपुड्यात वाढणारा ऐन. २०१७ मध्ये शिसवीच्या (फ्रेटबोर्डला वापरतात त्या रोझवूडच्या) सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, तेव्हापासून स्वस्त गिटारींत हे लाकूड खूप दिसू लागलं. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ऐन टिकला. लाकूड मजबूत आहे, फक्त कोरडं पडलं की फिकट दिसतं. तारा बदलताना फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन-चार थेंब पुसून घ्या. खोबरेल किंवा खायचं तेल नको, ते चिकट होतं आणि खवट वास धरतं.

आता नट. माझ्या मते या किमतीतला सगळ्यात नुकसान करणारा दोष हाच, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नटच्या खाचा उथळ सोडल्या की पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनर मोकळ्या तारा अचूक दाखवतो, पण सी किंवा ई कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवला की कानाला खटकतं. एफ कॉर्ड तर बोटं दुखवतो. शिकणाऱ्या पोराला वाटतं आपला कान कच्चा, आपली बोटं कमजोर. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने याच कारणाने गिटार माळ्यावर टाकली होती. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण दोष अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो.

ओळखायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट हवी. माझ्याकडे स्पष्ट उजेड दिसत होता.

नटच्या खास कानशी महाग आणि इथे मिळत नाहीत. पण जळगावात सराफ बाजार आहे! ओळखीच्या कारागीर काकांकडे गेलो, गिटार मांडीवर ठेवून त्यांना फट दाखवली. "एवढंच ना भो?" म्हणाले आणि दागिन्यांची सर्वांत बारीक कानस काढली. जाड तारांच्या खाचा त्यांनी केल्या, बारीक तारांसाठी गॅस वेल्डिंगच्या दुकानातला नोझल साफ करायचा तारांचा संच वापरला. खाचेचा उतार हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) ठेवायचा, दोन-चार घास मारले की तार बसवून बघायचं. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. काकांचा हात स्थिर, घाई नाही. त्या संध्याकाळी एफ पहिल्यांदा सहज लागला आणि सुरात लागला.

नेकचा बाक हवेप्रमाणे हलतो. माझा उन्हाळ्यात मागे गेला आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा झणझणू लागल्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यापाशी बघा, व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. फट नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी धातूची सळई) पाव फेरा सैल करा, रात्रभर थांबा, मग पुन्हा बघा. एका दमात जास्त फिरवू नका.

वायरिंगमध्ये केबलचं जॅक ढिलं होतं. जॅकची चकती (बोल्टाचा नट) आवळताना आतलं जॅक धरून ठेवायचं, नाहीतर तेच गोल फिरतं आणि सोल्डर तुटतो. पिकअप तारांच्या फार जवळ बसवले होते. चुंबक तारेला ओढतं आणि जाड तारेचा सूर थरथरतो. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली सुमारे तीन, बारीक तारेखाली अडीच मिलिमीटर ठेवले, थरथर गेली. सिंगल कॉइलची गुणगुण मात्र दोष नाही, ती ५० हर्ट्झच्या विजेची आहे. तारांना हात लावला की ती कमी होते, म्हणजे ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागाची) अर्थ वायर जोडलेली आहे. अँप (अँप्लिफायर) तीन पिनांच्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावा. जुन्या घरांत अर्थिंगची पिन नुसती नावाला असते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

रंगाचा ओघळ, नेकच्या सांध्यातली बारीक फट, पिकगार्डचा तिरका स्क्रू, याकडे दुर्लक्ष करा.

परत पाठवायची ती गिटार वेगळी. नेक पिळलेला असेल, ट्रस रॉड फिरूनही बाक बदलत नसेल, किंवा बाहेरची तार फ्रेटच्या कडेवरून घसरत असेल तर लगेच परत करा. मोजायची टेपही लावा. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ भरतात, आणि तिथून बारीक तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यापर्यंत) तेवढेच किंवा किंचित जास्त. सॅडल पूर्ण मागे नेऊनही बाराव्या फ्रेटचा सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा राहिला, तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलाय. ते घरी दुरुस्त होणार नाही.

माझ्या गिटारवर एकच काम उरलंय: चौदाव्या फ्रेटचं एक टोक दाबलं की बसतं, सोडलं की उठतं. पातळ सुपर ग्लूचा थेंब आत सोडून, वर लाकडाचा तुकडा ठेवून क्लँपने दाबायचं आहे. आजूबाजूला टेप लावूनच, कारण तो ग्लू फ्रेटबोर्डवर सांडला तर डाग निघता निघत नाही.