स्पॅनिश ३: शाळेत घ्यावं की कम्युनिटी कॉलेजात?

कॅलिफोर्नियात मुलाचं शाळेतलं स्पॅनिश २, म्हणजे या भाषेचं दुसरं वर्ष, संपत आलं की मराठी घरांत ही चर्चा सुरू होतेच. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) प्रवेशासाठी परकी भाषेची २ वर्षं सक्तीची आहेत, तिसऱ्याची नुसती शिफारस आहे. पण शिफारस म्हटलं की आपण ती हुकूमच धरतो. तेव्हा घ्यायचं की नाही हे आधीच ठरलेलं असतं, वाद असतो तो कुठे घ्यायचं याचा.

शाळेतलं स्पॅनिश ३ वर्षभर चालतं, म्हणजे साधारण १८० दिवस. ही संथ गती तिसऱ्या वर्षी फार उपयोगी पडते, कारण खरा घाट इथेच लागतो: दोन वेगळे भूतकाळ आणि सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा किंवा शंका सांगणारं क्रियापदाचं रूप. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या हाताशी इथे एक शिदोरी असते. 'आब्ले' म्हणजे 'मी बोललो' आणि 'आब्लाबा' म्हणजे बहुतेक वेळा 'मी बोलायचो'. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' सब्जंक्टिव्हच्या बरंच जवळ जातं. शिक्षक हे सांगणार नाहीत, जेवताना आईबाबांनीच सांगावं. अर्थात नियम समजला म्हणून बोलताना तो वेळेवर तोंडात येतो असं नाही. त्याला महिने जावे लागतात, आणि शाळा ते महिने देते. शिवाय पुढे एपी (हायस्कुलातला कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा) स्पॅनिशची वाट सरळ असते. एपीच्या परीक्षेत ५ पैकी ३ किंवा जास्त गुण आले, तर स्टेट सील ऑफ बायलिटरसीसाठी (दोन भाषा येतात याची राज्याकडून मिळणारी पावती) भाषेची अट त्यातून पुरी करता येते.

कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा, कारभार वेगळा. सेमिस्टरच्या (सहामाही) कॉलेजात स्पॅनिश १ या एकाच कोर्समध्ये शाळेची जवळजवळ २ वर्षं उरकतात, म्हणून शाळेतून जाणारं मूल सहसा कॉलेजच्या स्पॅनिश २ मध्ये बसतं. डी अँझासारख्या क्वार्टरच्या (तिमाही) कॉलेजात हिशेब आणखी निराळा, तो तिथेच विचारा. कोर्स बहुधा ५ युनिटचा असतो. हायस्कूलच्या मुलांना युनिटमागची फी बहुतेक ठिकाणी माफ असते, पुस्तकांचा खर्च मात्र आपला. ट्रान्सफर होणाऱ्या, म्हणजे यूसीत चालणाऱ्या, कोर्सला यूसीच्या जीपीएत (गुणांच्या सरासरीत) एक जादा गुण धरतात, साध्या स्पॅनिश ३ ला तो नाही. (त्या जादा गुणांना एकूण ८ सेमिस्टरची मर्यादा आहे. एपीच्या विषयांनीच ती भरत असेल, तर या लोभात पडू नका.)

सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे उन्हाळा. ६-८ आठवड्यांत सगळं आटोपतं आणि शाळेच्या वेळापत्रकात एक तास मोकळा होतो. तो तास रोबोटिक्सला किंवा ऑर्केस्ट्राला खरंच लागणार असेल तर ठीक. पण शाळेच्या स्पॅनिश २ मध्ये रखडत बी मिळवलेल्या मुलाला उन्हाळी कोर्सला घालणं मला पटत नाही. तिथे रोज नवा धडा असतो आणि आठवड्याला परीक्षा. त्यात मिळालेली सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमची राहते. पुढे मेडिकलला अर्ज करताना हायस्कुलात असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात, हे बऱ्याच पालकांच्या गावी नसतं.

ऑनलाइन हा तिसरा पर्याय आहे, पण बोलायचा सराव तिथे सगळ्यात कमी. नाइलाज असेल तरच.

माझा कौल असा: एपीपर्यंत जायचं असेल तर शाळाच. भाषा आवडते, आधीच्या दोन्ही वर्षी ए आहे आणि तासाची खरी अडचण आहे, तर कॉलेज, आणि तेही शक्यतो सेमिस्टरभराचं. हार्वर्डसारखं विद्यापीठ डोक्यात असेल तर ते एकाच परकी भाषेची ४ वर्षं सुचवतं, तेव्हा तिसऱ्याबरोबर चौथ्याचाही विचार आत्ताच करा.

कॉलेजकडे वळणार असाल तर नाव नोंदवण्याआधी शाळेच्या काउन्सेलरकडून ईमेलवर दोन गोष्टी लेखी घ्या: हा कोर्स शाळा स्पॅनिश ३ म्हणून धरेल का, आणि त्यानंतर मुलाला थेट स्पॅनिश ४ किंवा एपीत बसू देईल का. काही शाळा आधी स्वतःची चाचणी घेतात, आणि ती ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर असू शकते.