जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीचा तळ: प्लाय घालायचं की पत्रा?

पंचगंगेच्या काठावर ॲल्युमिनियमची होडी तशी क्वचितच दिसते. आपल्याकडे लाकडी नाव, फायबरची बोट आणि पूर आला की गुऱ्हाळावरची काहील, एवढंच बघायची सवय. त्यामुळे कुणी गोव्याकडून जुनी ॲल्युमिनियमची होडी स्वस्तात आणली की दोन-तीन पावसाळ्यांत त्याच्यापुढं एकच प्रश्न उभा राहतो. बाहेरचा पत्रा ठणठणीत आहे, पण आतला तळ पायाखाली दबतोय. आता त्यात काय घालायचं?

चिखलीच्या मामांच्या १४ फुटी, सपाट बुडाच्या होडीचा तळ मी दोनदा केला. २०१८ ला प्लायचा आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पत्र्याचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो म्हणून पत्र्याकडे माझा ओढा असणार, असं वाटू शकतं. पण त्याच होडीचा पुढचा डेक, म्हणजे उभं राहायचा उंचावरचा भाग, मी मुद्दाम प्लायचाच ठेवलाय. म्हणजे दोन्ही सामान एकाच होडीत, एकाच उन्हापावसात आहे, आणि खालची तुलना त्याच्यावर बेतलेली आहे.

घाईत असाल तर माझं मत आत्ताच सांगतो. होडी कामाची असेल, म्हणजे जाळी टाकायला, चारा न्यायला, पुरात माणसं काढायला, आणि पावसाळाभर उघड्यावर राहणारी असेल, तर तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा घाला. पुढच्या-मागच्या डेकला आणि झाकणांना प्लाय चालतं, उलट बरं पडतं. शेडमध्ये ठेवून महिन्यातून दोनदा गळ टाकायला फुगवट्यावर नेणार असाल, तर सगळीकडे प्लाय घातलं तरी काही बिघडत नाही, फक्त ते नीट घातलेलं हवं. सगळी गोम त्या 'नीट' मध्ये आहे.

वजन आणि ताठपणा

प्लाय हलकं आणि पत्रा जड, असा समज आहे. हिशेब करून बघा. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे ३ मिलीच्या सपाट पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण ८ किलो. १२ मिलीचं चांगलं मरीन प्लायही जवळपास तेवढंच भरतं, वर पाणी अडवायला हात द्यायच्या इपॉक्सी रेझिनचं वजन वेगळं. कोरडं असताना दोघं सारखेच. फरक पडतो तो ओलं झाल्यावर. पत्रा पाणी पीत नाही. २०२१ च्या पुरानंतर मामांची होडी, जी चौघं सहज उचलायचे, ती सहा जणांना जागची हलेना. तळाचं प्लाय आणि त्याच्याखालचा, होडीला तरंगती ठेवणारा फोम, दोन्ही पाण्यानं भरले होते.

ताठपणात मात्र प्लाय सरळ जिंकतं, आणि पत्रा घालणारे बहुतेक जण इथंच फसतात. वजन सारखं असलं तरी १२ मिलीचं प्लाय ३ मिलीच्या पत्र्यापेक्षा चार ते सात पट ताठ असतं (थरांची दिशा कुठली यावर ते ठरतं). कारण ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. म्हणून प्लाय काढून त्याच मापाचा पत्रा तिथं टाकला, असं करून चालत नाही. आधी होडीतल्या आडव्या बरगड्यांमधलं अंतर मोजा. ते १० ते १२ इंच असेल तर ३ मिलीचा पत्रा चालतो, थोडा लवतो पण खटकत नाही. १८ इंच असेल तर तोच पत्रा पाऊल टाकलं की तेलाच्या डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतो आणि रिव्हेट ढिले करतो. अशा वेळी मधे ॲल्युमिनियमचा अँगल घालावाच लागतो. मामांच्या होडीत अंतर १६ इंच होतं. प्रत्येक गाळ्यात एक अँगल वाढवला, तेव्हा पाऊल पक्कं पडायला लागलं. त्या अँगलचं वजन आणि मजुरी आधीच धरून ठेवा.

डेकचं गणित याच्या उलट असतं. तिथं खाली बरगड्या कमी, मधे माशांच्या पेटीची मोकळी जागा आणि वर उभं राहून जाळं ओढणारा माणूस. एवढा मोकळा गाळा पत्र्यानं पेलायचा तर कडा वाकवून घ्या, खाली अँगल लावा, हे सगळं आलं. १२ मिलीचं प्लाय ते काम विनातक्रार करतं. शिवाय डेक उंचावर असतो, त्याच्या खालून वारा जातो, तो लवकर वाळतो.

प्लाय कुठं मरतं

पहिल्या खेपेला मी दुकानात 'वॉटरप्रूफ पाहिजे' एवढंच म्हणालो आणि दुकानदारानं दिलं ते उचलून आणलं. शिक्का वाचला नाही, ही चूक माझी. ते एमआर ग्रेडचं निघालं, म्हणजे घरातल्या कपाटाचं. होडीला आयएस ७१० शिक्क्याचंच प्लाय लागतं. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकलेला असतो. पण हेही लक्षात ठेवा, ही चाचणी थर सुटतात का ते बघते. पाणी आत शिरतच नाही असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती क्वचितच कुणी सांगतं. मरीन प्लाय किडू नये म्हणून त्यात रसायन मुरवतात आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नदीचं पाणी गोडं असलं तरी हे होतं, आणि पाण्यात मळी-सांडपाणी मिसळलेलं असेल तर आणखी वेगानं. म्हणून प्रक्रिया कशाची केलीय ते विचारा आणि काहीही उत्तर मिळालं तरी प्लाय उघडं पत्र्यावर टेकवू नका. सहाही बाजूंना इपॉक्सीचे तीन हात. कडांना आधी पातळ हात देऊन मुरू द्यायचा. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं आणि वाळल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण प्लाय भोकातूनच कुजायला लागतं.

फायबरवाल्याकडे मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर रेझिन. स्वस्त असतं, पण लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही, काही काळानं पापुद्रा सुटतो आणि त्याच्या आत पाणी साचतं. तिथं पैसे वाचवू नका. आणि काम शिमग्यानंतर सुरू करून मृगाच्या आत संपवा. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा हात त्यावर बसत नाही. उन्हानंही इपॉक्सी पिवळी पडून भुगा होते, तेव्हा वर रंग हवाच.

जुना तळ उचलला तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. प्लाय जिथं बरगडीवर टेकलं होतं, बरोबर तेवढ्या पट्टीत पांढरी, ओली पीठासारखी पूड. बोटानं पुसली तर खाली मोहरीच्या दाण्याएवढे खड्डे. एकदोन ठिकाणी नख टेकवलं तर पलीकडचा उजेड दिसला. सुतारानं मधे साधे लोखंडी स्क्रू मारले होते. प्रत्येक स्क्रूचं डोकं गंजून फुगलेलं आणि त्याभोवती त्याच पांढऱ्या पुडीचं फूल. वरून तळ नुसता जरा मऊ लागत होता. खरं नुकसान खाली, होडीच्या अंगाला चाललं होतं. प्लाय परत मिळतं, बरगडी मिळत नाही.

पत्र्याच्या खोडी

पत्राही निर्दोष नाही. मे महिन्यात दुपारी बारानंतर उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आवाज फार. बादली ठेवली तरी मासा हलतो, असं मामा म्हणतात. बरगडी आणि पत्रा यांच्यामधे रबराची पट्टी घातली की आवाज निम्म्यानं कमी होतो आणि घासणंही थांबतं. उन्हासाठी वर फिका रंग, त्यात बारीक वाळू भुरभुरली की पाय घसरत नाही. बसच्या पायरीला लावतात तसला उठावाचा चेकर्ड पत्रा घेतला तर वाळूची गरज नाही, पण त्यावर उघड्या गुडघ्यांनी बसून जाळं सोडवणं त्रासाचं. गालिचा मात्र कशावरच नको. प्लाय असो की पत्रा, तो ओल धरून ठेवतो.

पत्रा मागताना ग्रेड सांगा. ५०५२ पाण्याला चांगला आणि कडा वाकवतानाही तडकत नाही. ६०६१ ताकदीचा आहे, पण बेंडिंग मशीनवर बारीक वळण दिलं तर चिरतो. त्याचे सरळ अँगल वापरा, वाकवायला घेऊ नका. दोन मीटरचा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत जवळपास २ मिलीनं वाढतो. कडेला तेवढी फट ठेवली नाही तर मधे फुगतो.

तळ बरगड्यांना वेल्ड करून टाकू का, असं विचारतात. आर्गन वेल्डिंग करणारे चांगले हात उद्यमनगरात आहेत, पण इथं नको. बाहेरचा पत्रा पातळ असतो, उष्णतेनं वाकतो, जोडाजवळ मऊ पडतो. खाली फोम शिल्लक असेल तर तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे तळ उघडता आला पाहिजे. पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. तो तळाखाली बसला की महिनोन्महिने ओला राहतो. मामांचं एकच म्हणणं होतं, "आत आलेलं पाणी भायेर जायला वाट पायजे बघ. आन् हात घालाय जागा." म्हणून मधली पट्टी स्क्रूवर, कडेचे तुकडे रिव्हेटवर.

स्क्रू स्टेनलेसचे, जमलं तर ३१६ चे. पण स्टेनलेसही ॲल्युमिनियमला तसं परकंच, म्हणून खाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना सीलंट. पितळी स्क्रू अजिबात नको, त्यात तांबंच असतं. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यासुद्धा ओल्या तळावर पडून ठेवू नका. धुताना धुण्याचा सोडा किंवा चुना वापरू नका, दोन्ही ॲल्युमिनियमला खातात.

खर्चाचं थोडक्यात. प्लाय चौरस फुटावर मिळतं, पत्रा किलोवर, त्यामुळे दुकानात उभं राहून तुलना होत नाही. पत्र्याचा सुरुवातीचा खर्च जास्त, हे खरं. पण प्लायच्या बाजूला इपॉक्सी, ब्रश, रंग आणि आठवडाभराची मजुरी मांडली की अंतर बरंच कमी होतं, आणि उरलेल्या पत्र्याला भंगारातही किंमत येते. कुजलेल्या प्लायला कुणी विचारत नाही.

बाकीचे पर्याय

किचनच्या कपाटाला वापरतात ते डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं) बोर्ड बरेच जण सुचवतात. कुजत नाही हे कबूल. पण ते प्लायपेक्षा कितीतरी लवचीक, उन्हात मऊ पडून बाक धरतं आणि तेवढ्या ताकदीसाठी जाड घ्यावं लागलं की वजन वाढतं. पेटीच्या आतल्या कप्प्यांना ठीक, पायाखाली नको. फोमच्या गाभ्याचं फायबरचं पॅनेल सगळ्यांत हलकं आणि टिकाऊ होतं, पण ते करणारा हात सराईत हवा. तसा माणूस ओळखीचा असेल तर जरूर विचार करा.

दोन्हींच्या आधीचं काम

तळ उचललाच आहे तर गळती आत्ताच शोधा. होडी वाळूच्या पोत्यांवर सगळीकडून टेकवून ठेवा आणि आत पाणी भरा, बोटभर खोलीपासून हळूहळू. चार इंच पाणी म्हणजे १४ फुटी होडीत तीनेकशे किलो वजन होतं, टेकू नसेल तर बूड वाकेल. मग खाली आडवं होऊन, जिथं थेंब दिसेल तिथं मार्करनं गोल करा. आम्हाला १९ रिव्हेट सापडले. आतून एकानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, बाहेरून दुसऱ्यानं हातोडी मारायची. ठोका बसला की रिव्हेटचा आवाज बदलतो, बोदा होता तो टणक होतो. बाहेरून मी मारत होतो आणि आतून मामा "बसला" म्हणून सांगत होते.

जुना फोम हातात पिळून बघा. पाणी गळलं तर सगळा काढा, पण मोकळी जागा तशीच सोडू नका. होडी उलटली किंवा भरली तर तिला वर धरणारा तोच आहे. एक लिटर फोम जवळपास एक किलो पेलतो. गच्चीवर उष्णता अडवायला घालतात ते एक्सपीएस बोर्ड कापून बसवा, पण बुडाला न टेकवता, खालून पाणी मागच्या भोकापर्यंत वाहील अशी वाट ठेवून. पेट्रोलनं हा बोर्ड विरघळतो, तेव्हा टाकी आणि नळी त्याच्यापासून लांब.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. चिखलीत त्याच्याही आधी होडी दारात आणून ठेवतात. त्या वेळी होडीत कोण चढेल सांगता येत नाही. म्हातारी माणसं, शेळ्या, चिखलानं भरलेले बूट, एकाच कोपऱ्यात उभे राहिलेले पाच जण. तळ निवडताना मी गळ टाकणारा एक माणूस डोळ्यासमोर ठेवत नाही, ती गर्दी ठेवतो.

खंडेनवमीला मामा होडीला हार घालतात. आदल्या दिवशी मी जातो, मधल्या पट्टीचे १४ स्क्रू काढतो, आतला गाळ धुऊन काढतो आणि बरगड्यांवर हात फिरवून पांढरी पूड लागते का बघतो. २०२२ नंतर तळाखाली लागलेली नाही. पुढच्या प्लायच्या डेकला एका झाकणाच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या भोकापाशी, गेल्या खेपेला रंग फुगलेला दिसला. ते भोक पुन्हा मोठं करून इपॉक्सीनं भरलंय.