लाळेवरून हाडांची तपासणी : सुई टळते, शंका टळत नाही

हाडांच्या झिजेचा अंदाज लाळेवरून देणारा एका खासगी प्रयोगशाळेचा घरपोच संच आईसाठी मागवला. सुई टोचून घ्यायची नाही, एवढ्यावरच ती खूश होती. आधी अर्धा तास काही खायचे नाही, दात घासायचे नाहीत आणि मग मान खाली घालून लाळ नळीत आपोआप ओघळू द्यायची, या सूचना स्पष्ट आहेत; वर जमणारा फेस मापात धरायचा की नाही, हे मात्र पत्रकात कुठेच नाही.

खरी अडचण अहवालात आहे. हाडांची झीज दाखवणारा सीटीएक्स आणि हाडांची नवी घडण दाखवणारा पी१एनपी हे निर्देशक मुख्यतः रक्तासाठी प्रमाणित झालेले आहेत, लाळेत त्यांचे प्रमाण बरेच कमी असते आणि हिरडीतून किंचित रक्त आले तरी आकडा फिरू शकतो. असे असताना लाळेच्या आकड्यापुढे रक्ताचीच संदर्भमर्यादा (सामान्य मानला जाणारा आकड्यांचा पल्ला) छापणे मला गैर वाटते. शिवाय सीटीएक्स पहाटे चढतो आणि खाल्ल्यावर उतरतो, तरीही नमुना घेतल्याची वेळ अहवालात नोंदलेली नाही. ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचे, निदान करायचे असेल, तर हे पैसे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी राखून ठेवावेत.