चेनसॉचं सर्टिफिकेट मिळालं, शिकवलं मात्र काहीच नाही

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, आजोबांच्या हातची कलमं. तेव्हापासून इथं चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची साखळीची यांत्रिक करवत, चालवणाऱ्याला कामाची वाण नाही. गेल्या वर्षी मीही मशीन घेतलं आणि रीतसर शिकावं म्हणून दोन दिवसांच्या 'सरकारमान्य' कोर्सला साडेसहा हजार भरले. पावती मागितली तर म्हणाले, "सर्टिफिकेटबरोबर देतो, दादा."

पहिला दिवस व्हिडिओ बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी अठरा जणांत एक मशीन. सरांनी सुरूचा सुका ओंडका कापून दाखवला, आमच्या कुणाच्या हातात मशीन आलंच नाही. साखळीला कानस कशी मारायची, ती किती ताणायची, हे सगळं 'नोट्समध्ये आहे'. नोट्स म्हणजे झेरॉक्सची चार पानं. चार वाजता सर्टिफिकेटं वाटली: प्रात्यक्षिक परीक्षा, ८६ टक्के. अठराही जणांना ८६. तिथंच उठून बोलायला हवं होतं.

पावसाळ्यात एक पडलेलं कलम कापायला गेलो. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं, मध्ये अधांतरी. अशा खोडाची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून थोडंसंच कापून बाकीचं खालून कापायचं असतं. मी वरूनच कापत गेलो आणि पातं चिमटलं. कसंबसं सोडवून पुन्हा कापायला लागलो, तर पात्याच्या टोकाची वरची कड मागच्या फांदीला लागली आणि मशीन उसळून थेट तोंडाकडे आलं. साखळी जागीच थांबवणारा चेन ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितोय.

पुढे एका ठेकेदाराने सर्टिफिकेटचा क्यूआर कोड तपासला, तर त्याच कागदाचा फोटो उघडला. त्यावरच्या संस्थेचं नाव एनसीव्हीईटीच्या, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेच्या, मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नव्हतं. सरांचा फोन बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय.

कुणी असा कोर्स करणार असाल तर पैसे देण्याआधी ती यादी बघाच. आणि तोंडावर विचारा, मशीन मी स्वतः किती वेळ चालवणार? साखळीला धार मी लावणार का? परीक्षा शिकवणाराच घेणार की बाहेरचा माणूस? उत्तर देताना माणूस घुटमळला तर परत फिरा.

आमच्या बॅचमधला एक मुलगा तेच सर्टिफिकेट दाखवून हल्ली लोकांची झाडं पाडतोय. काल त्याला फोन केला. "८६ टक्के आहेत की मला," म्हणाला. रविवारी मशीन घेऊन त्याच्याकडे जातोय, निदान चेन ब्रेक कसा तपासायचा ते तरी दाखवतो.