किन्शासा की मनिला : अलीवरील दोन माहितीपट आणि समीक्षकांचा कौल

मुष्टियोद्धा महंमद अलीच्या लढतींवरील एकच माहितीपट पाहण्याइतका वेळ हाती असेल, तर निवड बहुधा दोहोंवर येऊन ठेपते : लिऑन गास्ट यांचा १९९६ मधील ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ आणि जॉन डावर यांचा २००८ मधील ‘थ्रिला इन मनिला’. पहिल्याला समीक्षकांनी डोक्यावर घेतले; दुसऱ्याचे कौतुक झाले, पण त्याबरोबर वादही झाला.

गास्ट १९७४ मध्ये झाईरला (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गेले ते मुख्यतः जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग, मिरियम मकेबा यांच्या संगीत महोत्सवाचे चित्रीकरण करायला. तिथल्या राजधानीत, किन्शासात, अली आणि तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमन यांची लढत व्हायची होती. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाल्याने लढत २५ सप्टेंबरवरून ३० ऑक्टोबरवर गेली, आणि त्या रिकाम्या आठवड्यांत कॅमेऱ्यासमोर अली बोलत राहिला. पुढे पैशाच्या आणि कायद्याच्या अडचणींमुळे चित्रफिती बावीस वर्षे अडकून पडल्या. माझ्या मते या विलंबानेच चित्रपटाचे भाग्य उजळले. तोवर पार्किन्सनच्या आजाराने अलीची वाणी हिरावली होती, त्यामुळे पडद्यावरचा बत्तीस वर्षांचा वाचाळ, देखणा अली पाहताना प्रेक्षकांचा कंठ दाटून आला. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले, न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने सर्वोत्कृष्ट माहितीपट म्हणून गौरवले आणि १९९७ मध्ये ऑस्कर मिळाले. तेव्हा मंचावर चढणाऱ्या अलीला हात दिला तो आठव्या फेरीत त्याच्याकडून पाडल्या गेलेल्या फोरमनने.

या स्तुतीत काही उणिवा झाकल्या गेल्या, असे मला प्रामाणिकपणे वाटते. लढतीचा अर्थ प्रामुख्याने नॉर्मन मेलर आणि जॉर्ज प्लिम्प्टन हे दोन अमेरिकी लेखक सांगतात. फोरमनची नवी मुलाखत नाही. झाईरचा सत्ताधीश मोबुटू याच्या हुकूमशाहीचा, स्टेडियमखाली डांबलेल्या गुन्हेगारांचा उल्लेख येतो, परंतु ‘अली, बोमाये’ (अली, त्याला मार) असा गजर करणाऱ्या सामान्य माणसांना त्या राजवटीविषयी काय वाटत होते, हे फारसे कळत नाही.

‘थ्रिला इन मनिला’ १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलातील लढत अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर याच्या बाजूने मांडतो. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्याने अलीवर खेळण्याची बंदी होती, त्या काळात फ्रेझियरने अलीला मदत केली होती. त्याच अलीने पुढे त्याला ‘गोरिला’ म्हणून हिणवले. फिलाडेल्फियातील आपल्या व्यायामशाळेत बसून वृद्ध फ्रेझियर ती लढत पाहतो, तेव्हा तीस वर्षांहून जुनी ती जखम अजून ओली असल्याचे दिसते. अलीच्या देवत्वाला दिलेला हा आवश्यक छेद, असे अनेकांनी म्हटले. तर फ्रेझियरला न्याय देताना अलीवर अन्याय झाला, हा आक्षेपही आला आणि तो अगदीच निराधार नाही.

अलीची ओळख नव्याने करून घ्यायची असेल, तर गास्ट यांच्या चित्रपटापासून सुरुवात करावी. अलीची कहाणी आधीच पाठ असेल, किंवा प्रत्यक्ष मुष्टियुद्ध फेरीमागून फेरी समजून घ्यायचे असेल, तर डावर यांचा चित्रपट आधी पाहावा. विशेषतः चौदाव्या फेरीनंतरचा भाग बारकाईने पाहावा : फ्रेझियरला डोळ्यांनी नीट दिसेनासे झालेले असते, तरी त्याला लढायचे असते आणि प्रशिक्षक एडी फच त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू देत नाहीत.