लपवून बाळगायचं पिस्तूल: .३८० की ९ मिमी?

.३८० आणि ९ मिमी ही पिस्तुलाच्या काडतुसांची दोन मापं. गोळीचा व्यास दोन्हींत जवळपास सारखाच. फरक वजनात आणि वेगात: .३८० ची गोळी साधारण ९० ते ९५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), ९ मिमीची ११५ ते १४७.

रुगर एलसीपी (.३८०) रिकामं सुमारे २७० ग्रॅम, मॅगझिनमध्ये ६ गोळ्या. सिग पी३६५ (९ मिमी) जवळपास ५०० ग्रॅम, १० गोळ्या. पहिलं पँटच्या पुढच्या खिशात मावतं. दुसऱ्याला पँटच्या कमरेशी आतून बसणारं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि ताठ पट्टा लागतो.

फसगत होते ती धक्क्याच्या बाबतीत. .३८० मऊच असणार, असं लोक धरून चालतात. पण इतक्या हलक्या पिस्तुलाची मूठ जेमतेम दोन बोटांत येते, करंगळी खाली लोंबते आणि प्रत्येक बाराला पिस्तूल उसळतं. मनगट सैल पडलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुरेशी मागे जात नाही, रिकामं काडतूस अडकतं. हात दुखतो, मग सरावच टळतो.

एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या चाचणीत गोळी मांसासारख्या जिलेटिनच्या जेलमध्ये १२ ते १८ इंच शिरावी लागते. आखूड नळीतून .३८० चं हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत शिरल्यावर उमलणारी गोळी) बऱ्याचदा उमलत नाही, किंवा उमललं तर १२ इंचांआधीच थांबतं. ९ मिमीत ही ओढाताण कमी. सरावाच्या गोळ्याही सहसा ९ मिमीच्याच स्वस्त.

खिशात ठेवणार असाल तर ट्रिगर झाकणारं होल्स्टर हवंच. त्या खिशात किल्ल्या-नाणी नकोत, आणि साचलेला कापडाचा भुगा पिस्तूल रिकामं करून नियमित झाडा.

पट्टा बांधता येत असेल तर ९ मिमी. पातळ कपड्यांत, फक्त खिशातच ठेवायचं असेल तर .३८०. स्लाइड ओढवत नसेल तरीही .३८०, पण स्मिथ अँड वेसन शील्ड ईझीसारखं मोठ्या बांध्याचं, एलसीपी नव्हे.